चहावाल्या बाईंचा एक पौंड : खाणगावातला तारा आणि त्याचे बालमित्र

१९५३ सालच्या मार्च महिन्यात मँचेस्टर युनायटेड क्लबचे व्यवस्थापक मॅट बझ्बी यांनी बार्न्सली क्लबकडून टॉमी टेलर हा एकवीस वर्षांचा आघाडीचा फुटबॉलपटू घेतला, तेव्हा बोलणी तीस हजार पौंडांवर येऊन थांबली होती. ‘तीस हजारांचा खेळाडू’ असा शिक्का या पोराच्या कपाळी बसला तर त्या ओझ्याखाली त्याचा खेळ दबेल, अशी बझ्बींना धास्ती वाटली. म्हणून त्यांनी पाकिटातून एक पौंड काढून, बैठकीत चहा देत असलेल्या बाईंच्या हातावर ठेवला आणि करारावर आकडा पडला २९,९९९ पौंड.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट आजही हसत हसत सांगितली जाते, पण सांगणारे तिच्यातला दुसरा आकडा सहसा सांगत नाहीत. त्या हंगामात इंग्लंडमधल्या कोणत्याही व्यावसायिक फुटबॉलपटूला, मग तो कितीही मोठा असो, आठवड्याला १४ पौंडांपेक्षा जास्त पगार देण्यास नियमाने बंदी होती. वर्षाचे बावन्नही आठवडे हा कमाल पगार मिळाला असे धरले (उन्हाळ्यात तो कमी होत असे, ते सोडून दिले), तरी टेलरला स्वतःच्या किमतीएवढी रक्कम पगारातून मिळवायला ४१ वर्षे खेळावे लागले असते. बार्न्सली क्लबच्या तिजोरीत त्या दिवशी जेवढे पैसे गेले, त्यातला टेलरच्या वाट्याला कायदेशीररीत्या आलेला हिस्सा म्हणजे नव्या क्लबशी करार करताना मिळणारे दहा पौंड.

युद्धानंतरच्या कामगार इंग्लंडमध्ये पुढे तारा होणारा मुलगा आणि त्याचे बालमित्र यांचे नाते कसे होते, ते समजून घ्यायचे तर याच दोन आकड्यांपासून सुरुवात करावी लागते. आज एखादा मुलगा अठराव्या वर्षी मोठ्या क्लबात गेला की गल्लीतल्या मित्रांपासून तो वर्षभरात इतका दूर जातो की पुढच्या भेटी केवळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर होतात. १९५० च्या दशकात तसे होत नसे. त्याचे श्रेय आपण त्या काळच्या साधेपणाला, जुन्या माणसांच्या चांगुलपणाला देऊन मोकळे होतो. साधेपणा होता, नाही असे नाही. पण तो बऱ्याच अंशी नियमांनी लादलेला होता. मित्रांना कोणत्या वळणावर एकत्र ठेवायचे आणि कुठे तोडायचे, हे एक परीक्षा, एक खाण, एक लष्करी फर्मान आणि एक करारपत्र यांनी ठरवलेले असे. बार्न्सली आणि तिच्या आसपासच्या चार मुलांच्या आयुष्यात ही चारही वळणे स्पष्ट दिसतात, आणि त्यांतल्या दोघांना मराठी वाचक चांगले ओळखतो.

पहिला अर्थातच टॉमी टेलर, जन्म जानेवारी १९३२, बार्न्सलीच्या उत्तरेकडील स्मिदीज या वस्तीतला. दुसरा त्याच्याच शाळेतला, त्याच्यापेक्षा वर्षभराने लहान, फुटबॉलच्या त्याच वेडाने झपाटलेला हॅरल्ड डेनिस बर्ड. पांढरी टोपी घालणारे, अपील झाले की क्षणभर थबकून मग बोट वर करणारे पंच डिकी बर्ड ते हेच; १९८३ साली लॉर्ड्सवर कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला त्या अंतिम सामन्यातही तेच पंच होते. तिसरा कडवर्थ गावचा मायकल पार्किन्सन, जो पुढे ब्रिटनचा सर्वांत नावाजलेला मुलाखतकार झाला. चौथा, या तिघांपेक्षा पाच-आठ वर्षांनी धाकटा, शेजारच्या फिट्झविल्यम गावचा जेफ्री बॉयकॉट. चौघांचेही गाव कोळशावर जगणारे. बर्ड, पार्किन्सन आणि बॉयकॉट या तिघांचे वडील तर खाणीतच काम करणारे.

यॉर्कशरच्या दक्षिण भागातला हा पट्टा म्हणजे एका खाणीच्या भोंग्यापासून दुसऱ्या खाणीच्या भोंग्यापर्यंत पसरलेली वस्ती होती. खाण कंपन्यांनी कामगारांसाठी बांधलेली, एकाला एक भिंत लावून उभी असलेली विटांची घरे, मागच्या बाजूला सामाईक बोळ, आणि बोळाच्या टोकाला मुलांचे मैदान. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला ही रचना परकी वाटणार नाही, कारण भोंग्यावर चालणारे घड्याळ आणि घरात जागा नसल्यामुळे रस्त्यावर जाणारे बालपण या दोन्ही गोष्टी तिथेही होत्या. दिव्याचा खांब म्हणजे यष्टी, भिंतीवर खडूने काढलेल्या रेघा म्हणजे गोल. युद्ध संपले तरी टंचाई संपली नव्हती. मिठाईवरचे रेशनिंग १९५३ च्या फेब्रुवारीत उठले आणि मांसावरचे १९५४ च्या जुलैमध्ये, म्हणजे टेलर २९,९९९ पौंडांना विकला गेला तेव्हाही बार्न्सलीच्या घरांत मटणासाठी रेशनकार्ड लागत होते. अशा गल्लीत ज्याच्याकडे चेंडू तो कप्तान, एवढीच काय ती उच्चनीचता.

परंतु ही समानता मुले अकरा वर्षांची होईपर्यंतच टिके.

१९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले. कामगारांच्या मुलांसाठी हा मोठाच बदल होता, कारण तोवर चांगल्या माध्यमिक शाळेची फी खाणकामगाराच्या आवाक्याबाहेर होती. मात्र कायद्याच्या अंमलबजावणीत एक चाळणी होती. प्राथमिक शाळेच्या शेवटी, वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास, सगळ्या मुलांना ‘इलेव्हन प्लस’ नावाची परीक्षा द्यावी लागे. तीत गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापनाचे प्रश्न असत. वरच्या फळीत येणारी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा मुले ‘ग्रामर स्कूल’मध्ये जात, तिथे लॅटिन शिकत, सार्वजनिक परीक्षा देत, आणि त्यांना पुढे कारकुनीपासून विद्यापीठापर्यंतच्या वाटा खुल्या होत. उरलेली बहुसंख्य मुले ‘सेकंडरी मॉडर्न’मध्ये जात आणि पंधराव्या वर्षी हाती कोणतेही प्रमाणपत्र न घेता बाहेर पडत. कागदोपत्री दोन्ही प्रकारच्या शाळांचा मान सारखा होता, पण गल्लीत कोणाला फसवता येणार? एकाच दारातून बाहेर पडणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाच्या अंगावर ग्रामर स्कूलचा कोट आणि डोक्यावर टोपी आली, की दुसरा त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागे. पुष्कळ मैत्र्या इथेच, कोणाचेही भांडण न होता, विरून गेल्या.

आपल्या चौघांचे काय झाले? बर्ड नापास झाला आणि बार्न्सलीच्या रेली सेकंडरी मॉडर्न शाळेत गेला. टेलरही त्याच शाळेचा, आणि त्यांची मैत्री जुळायला हे एक सोपे कारण होते. पार्किन्सन उत्तीर्ण होऊन बार्न्सली ग्रामर स्कूलमध्ये गेला, तिथे त्याला मुळीच करमले नाही, आणि अखेर इंग्रजी भाषा आणि चित्रकला अशा दोनच विषयांत तो उत्तीर्ण होऊन बाहेर पडला. बॉयकॉटचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. तो पहिल्या फेरीत नापास झाला, सेकंडरी मॉडर्नमध्ये गेला, पुढे उशिरा घेतल्या जाणाऱ्या निवड परीक्षेत उत्तीर्ण झाला आणि हेम्सवर्थ ग्रामर स्कूलमध्ये दाखल झाला. अकराव्या वर्षी ज्याच्या बुद्धीवर ‘कमी’ असा शेरा पडला होता, तोच मुलगा वर्षभरात ‘पुरेसा’ ठरला; मुलगा तोच होता, फक्त परीक्षा दुसरी होती.

दुसरे वळण पंधराव्या वर्षाचे. शाळा सोडण्याचे किमान वय १९४७ मध्ये चौदावरून पंधरा झाले. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला देशातल्या कोळसा खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या आणि ‘ही खाण आता जनतेच्या वतीने चालवली जाते’ अशा अर्थाचे फलक खाणींच्या फाटकांवर लागले. जनतेच्या मुलांना त्याच फाटकातून आत जायचे होते, एवढे मात्र बदलले नव्हते. टेलर शाळा सोडून खाणीवर कामाला लागला. बर्डनेही काही काळ खाणीच्या वरच्या अंगाला, जमिनीवरचे काम केले आणि हे आपल्याच्याने होणार नाही असे ठरवून सोडून दिले. पार्किन्सनच्या वडिलांनी तर मुलाला मुद्दामच ग्राइमथॉर्पच्या खाणीत खाली नेले. जिथे ताठ उभे राहता येत नाही असा कोळशाचा थर, तिथे आडवे होऊन काम करणारी माणसे, डोळ्यांत जाणारी धूळ, हे सगळे त्यांनी त्याला दाखवले आणि बजावले की पुन्हा या फाटकाशी दिसलास तर घरापर्यंत लाथा घालत नेईन. बॉयकॉटच्या वडिलांना खाणीत मणक्याला अशी इजा झाली की त्यानंतर ते पूर्ववत झालेच नाहीत. त्यामुळे या मुलांना खेळाचे वेड होते असे नुसते म्हटले तर ते अपुरे ठरते. खाणीत न जाता शरीराच्या बळावर पोट भरण्याचा मार्ग त्यांच्यासमोर एकच होता, आणि गल्लीतल्या प्रत्येक मुलाने तो धरून पाहिलेला असे.

याचा मैत्रीवर होणारा परिणाम नीट पाहण्यासारखा आहे. तारा होणारा मुलगा आणि त्याचा मित्र यांच्यात त्या वयात फारच थोडे अंतर असे, कारण दोघेही त्याच क्लबांच्या निरीक्षकांच्या नजरेखाली खेळत असत. हे निरीक्षक गबाळ्या कोटातले, निवृत्त मास्तर किंवा रेल्वे कारकून वाटावेत असे लोक. शाळांच्या आणि खाणींच्या संघांचे सामने पाहत ते हिंडायचे, पोर आवडले की थेट घरी जाऊन आईशी बोलायचे. टेलर ‘स्मिदीज युनायटेड’ या खाणकामगारांच्या संघाकडून खेळताना नजरेत भरला आणि १९४९ च्या उन्हाळ्यात, साडेसतरा वर्षांचा असताना बार्न्सली क्लबचा व्यावसायिक खेळाडू झाला. बर्डलाही फुटबॉलच खेळायचे होते. त्याचा गुडघा दुखावला आणि तो मार्ग बंद झाला. एका मित्राचा गुडघा टिकला, दुसऱ्याचा टिकला नाही. गल्लीतून कोण बाहेर पडले याचा शोध घेताना प्रतिभेच्या आधी गुडघ्याचे नाव घ्यावे लागते, हे मला तरी खटकते, पण खरे आहे.

तिसरे वळण लष्कराचे. युद्ध संपूनही ब्रिटनने सक्तीची लष्करी सेवा चालू ठेवली होती. सुरुवातीला ती दीड वर्षाची होती आणि १९५० नंतर, कोरियातील युद्धामुळे, दोन वर्षांची झाली. अठरा वर्षांच्या धडधाकट मुलाला बोलावणे येई. जमिनीखाली कोळसा काढणाऱ्यांना यातून सूट होती, म्हणजे खाण टाळावी तर लष्कर आणि लष्कर टाळावे तर खाण, असा पेच अनेकांपुढे असे. खेळाडूंना मात्र लष्करात फारसा त्रास होत नसे, कारण प्रत्येक पलटणीला आपला संघ जिंकायला हवा असे आणि चांगल्या खेळाडूला सामन्यासाठी रजा सहज मिळे. याचा सर्वांत मोठा फटका बसला तो आपल्याला! १९५२ च्या जूनमध्ये लीड्सच्या हेडिंग्लेवर भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि धावफलकावर एकही धाव लागण्याआधी चार गडी बाद झाले. त्यांत माधव मंत्री आणि विजय मांजरेकर हे दोन मुंबईकर होते. चारपैकी तिघांना बाद करणारा, पहिलाच कसोटी सामना खेळणारा फ्रेड ट्रूमन तेव्हा हवाई दलात सक्तीची सेवा बजावत होता आणि सामन्यासाठी सुट्टी घेऊन आला होता. तोही याच कोळसापट्ट्यातल्या खाणकामगाराचा मुलगा. टेलरच्या वाट्याला मात्र लष्करात एक वाईट दुखापत आली. पार्किन्सन सैन्यात कॅप्टन झाला आणि १९५६ च्या सुएझ मोहिमेवर गेला. बॉयकॉटचा जन्म ऑक्टोबर १९४० चा. १ ऑक्टोबर १९३९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोलावणे आलेच नाही, त्यामुळे तो सुटला आणि बार्न्सलीच्या निवृत्तिवेतन कार्यालयात कारकुनी करत क्रिकेट खेळू लागला.

आता चौथे आणि सर्वांत गुंतागुंतीचे वळण, करारपत्र. इथे थोडा वेळ थांबायला हवे, कारण चहावाल्या बाईंच्या पौंडाचे कोडे इथेच सुटते.

इंग्लिश फुटबॉलमध्ये खेळाडूवर दोन नियमांची दुहेरी गाठ बसवलेली होती. पहिला नियम कमाल वेतनाचा. १९०१ साली आठवड्याला ४ पौंड अशी मर्यादा ठरली आणि ती हळूहळू वाढत गेली. १९५१ मध्ये १४, १९५३ च्या हंगामापासून १५, १९५७ मध्ये १७ आणि १९५८ मध्ये २० पौंड. त्यावर विजयाचे दोन आणि बरोबरीचा एक पौंड मिळे. मोठ्या शहरांतल्या श्रीमंत क्लबांनी पैशाच्या जोरावर सगळे चांगले खेळाडू ओढून नेऊ नयेत, बार्न्सलीसारख्या गावांचे संघही टिकावेत, असा या नियमाचा सांगितला जाणारा हेतू होता. दुसरा नियम खेळाडू ‘राखून ठेवण्याचा’. खेळाडूचा करार दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला संपे, पण त्याची नोंदणी क्लबकडेच राही. क्लबने त्याचे नाव राखीव यादीत टाकले की करार संपूनही तो दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळू शकत नसे. जुन्या क्लबने मान्य केले तरच, आणि मागेल ती किंमत मिळाली तरच, त्याची सुटका होई.

या दोन्ही नियमांचा एकत्रित परिणाम काय होईल, याचा विचार करून पाहा. चांगल्या खेळाडूला जास्त पगाराचे आमिष दाखवता येत नाही, कारण पगाराला छत आहे. खेळाडू स्वतःहून निघू शकत नाही, कारण नोंदणी क्लबच्या कपाटात आहे. तरीही क्लबांना चांगला खेळाडू हवाच असतो आणि त्यांच्याकडे पैसाही असतो, कारण युद्धानंतरच्या वर्षांत मैदाने ओसंडून वाहत होती. मग तो पैसा जातो एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे, खेळाडूच्या डोक्यावरून. बाजारात गाईची किंमत वाढली म्हणून गाईला जास्त चारा मिळत नाही, त्यातलाच हा प्रकार. इटलीच्या इंटर मिलान क्लबने टेलरसाठी १९५७ मध्ये ६५,००० पौंड देऊ केले होते. मँचेस्टर युनायटेडने नकार दिला आणि विषय संपला. इटलीत मिळणारा पगार इंग्लंडच्या कितीतरी पट होता, पण निर्णय टेलरच्या हातात नव्हता. नियम मोडून टेबलाखालून पैसे देणारे क्लबही होते. संडरलँड क्लबला त्याच वर्षी या कारणावरून ५,००० पौंड दंड झाला.

अन्याय तर होताच. पण त्याच अन्यायाचा एक उपपरिणाम असा, की इंग्लंडचा सर्वोत्तम आघाडीपटू सुट्टीला बार्न्सलीत येई तेव्हा त्याच्या खिशात मित्रांच्या खिशापेक्षा फार तर दुप्पट पैसे असत. १९५१ साली श्रमिक पुरुषाची सरासरी आठवड्याची मिळकत आठ पौंडांच्या आसपास होती, आणि कोळशाच्या थरापाशी काम करणारा कसबी खाणकामगार त्याहून बराच वर जाई. मँचेस्टरमध्ये क्लबचे अविवाहित खेळाडू कोणा बाईंच्या घरी खोली आणि दोन वेळचे जेवण अशा व्यवस्थेत राहत आणि सरावाला बसने जात. बार्न्सलीच्या पबमध्ये टेलरने सर्वांना बिअर पाजली तर ते औदार्य होते, पण तो दानशूर ठरावा इतका फरक दोघांच्या ऐपतीत नव्हता, आणि दुसऱ्या फेरीचे पैसे मित्र देऊ शकत होता. मैत्री टिकायला ही दुसरी फेरी फार महत्त्वाची असते, असे माझे मत आहे.

बर्ड तोवर क्रिकेटकडे वळला होता. बार्न्सली क्रिकेट क्लबचे मैदान शॉ लेनवर होते, आणि तिथे डावाची सुरुवात करायला बर्ड आणि पार्किन्सन ही जोडी जाई. काही वर्षांनी त्याच संघात चष्मा लावलेला बॉयकॉट येऊन दाखल झाला. यॉर्कशरच्या लीग क्रिकेटचे वैशिष्ट्य असे की पंधरा-सोळा वर्षांचे पोर चाळिशीच्या खाणकामगाराबरोबर फलंदाजीला उतरे आणि झेल सुटला तर त्याची बोलणी खाई. शाळेने ज्या मुलांना दोन कप्प्यांत टाकले होते त्यांना या मैदानाने पुन्हा एकत्र आणले, ग्रामर स्कूलचा पार्किन्सन आणि सेकंडरी मॉडर्नचा बर्ड यांची आयुष्यभराची मैत्री इथलीच.

क्रिकेटमध्ये फुटबॉलसारखा लिलाव नव्हता, पण तिथे वेगळ्या भिंती होत्या. हौशी खेळाडू म्हणजे ‘जंटलमन’ आणि पगारी खेळाडू म्हणजे ‘प्लेयर’ हा भेद १९६२ च्या नोव्हेंबरपर्यंत अधिकृतपणे चालू होता. धावफलकाच्या छापील पत्रकात हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आणि पगारी खेळाडूची नंतर छापली जात. अनेक मैदानांवर दोघांचे दरवाजे वेगळे असत. दुसरी भिंत यॉर्कशरची स्वतःची होती. या परगण्यात जन्मलेल्यालाच यॉर्कशरच्या संघात घ्यायचे, असा तिथला दंडक होता. खाणगावातल्या मुलासाठी या दंडकाचा अर्थ असा की मोठ्या संघाची प्रत्येक जागा आपल्यापैकीच कोणाला तरी मिळणार. मात्र त्यासाठीची चढाओढही आपापसांतच आणि जीवघेणी असणार. बर्डने ती अनुभवली. १९५९ साली ब्रॅडफर्डला ग्लॅमॉर्गनविरुद्ध त्याने नाबाद १८१ धावा काढल्या आणि पुढच्याच सामन्यात त्याला वगळण्यात आले, कारण नेहमीचा खेळाडू परत आला होता. पुढच्या वर्षी तो लेस्टरशरला गेला. यॉर्कशरसाठी तो केवळ १४ सामने खेळला. बॉयकॉट मात्र १९६२ मध्ये त्याच संघात आला आणि कसोटी क्रिकेटमध्ये ८,११४ धावांपर्यंत पोहोचला. १९६७ साली हेडिंग्लेवर भारताविरुद्ध नाबाद २४६ धावा काढल्यावर फार संथ खेळला म्हणून त्यालाही पुढच्या कसोटीतून वगळले गेले. यॉर्कशरचा जन्माचा दंडक अखेर मोडला तो १९९२ मध्ये, आणि बाहेरदेशातला पहिला खेळाडू म्हणून आला एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर, वांद्र्याच्या साहित्य सहवासातला.

टेलरची गोष्ट तिथवर पोहोचली नाही. १९५८ च्या ६ फेब्रुवारीला, बेलग्रेडहून परतताना म्युनिकच्या विमानतळावर, बर्फाच्या चिखलाने भरलेल्या धावपट्टीवरून तिसऱ्यांदा उड्डाणाचा प्रयत्न करताना मँचेस्टर युनायटेडचे विमान कोसळले. एकंदर २३ जण मरण पावले, त्यांत आठ खेळाडू. टेलर सव्वीस वर्षांचा होता. इंग्लंडसाठी १९ सामन्यांत त्याच्या नावावर १६ गोल होते. मृतांमध्ये बार्न्सलीजवळच्या वॉम्बवेलचा मार्क जोन्स आणि डॉनकास्टरजवळचा खाणकामगाराचा मुलगा डेव्हिड पेगही होते. एका कोळसापट्ट्यातली तीन मुले एकाच विमानात कशी, याचे उत्तर वर आलेच आहे. निरीक्षक जिथे हिंडत होते, मुले तिथूनच येणार. तिघांनाही आपापल्या गावी आणून दफन केले. टेलरची कबर बार्न्सलीच्या मंक ब्रेटन दफनभूमीत आहे. मृत्यूच्या वेळी त्याचा कमाल पगार होता आठवड्याला १७ पौंड.

तीन वर्षांनी, जानेवारी १९६१ मध्ये, खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जिमी हिल यांनी संपाची तयारी केल्यावर कमाल वेतनाचा नियम रद्द झाला. फुलहॅमच्या जॉनी हेन्सला लगेच आठवड्याला १०० पौंड मिळू लागले, म्हणजे सरासरी कामगाराच्या सहा-सात पट. दुसरी गाठ सुटायला आणखी दोन वर्षे लागली. न्यूकॅसलने अडवून ठेवलेला जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला राखून ठेवण्याची ही पद्धत म्हणजे माणसाच्या धंद्यावरचे अवाजवी बंधन आहे असा निकाल दिला. दोन्ही निर्णय न्याय्यच होते आणि फार उशिरा आले. पण त्यांच्यानंतर तारा आणि बालमित्र यांच्यातले अंतर गुडघा आणि नशीब यांच्यापुरते राहिले नाही. घर, मोटार, शेजार, मुलांची शाळा, सगळेच वेगळे होऊ लागले. क्रिकेटमध्ये पैसा उशिरा आला, म्हणून तिथे हे अंतरही उशिरा पडले. जगातला अव्वल सलामीवीर झाल्यावरही बॉयकॉट फिट्झविल्यममधल्या खाणकामगारांच्या घरांच्या रांगेत, आईसोबत राहत होता, तो १९७८ साली तिचा मृत्यू होईपर्यंत.

पार्किन्सन दूरचित्रवाणीवर जगातल्या नामवंतांच्या मुलाखती घेऊ लागला, नाव आणि पैसा दोन्ही मिळाले, तरी त्याच्या वडिलांचे समाधान झाले नव्हते. तुझे चांगले चालले आहे, पण हे काही यॉर्कशरकडून क्रिकेट खेळण्यासारखे नव्हे, असे त्यांनी त्याला ऐकवल्याचे तो स्वतःच सांगत असे. त्या हिशेबाने तिघा बॅटवाल्या मित्रांमधला सर्वांत प्रसिद्ध माणूस सर्वांत मागे राहिला होता, आणि १४ सामन्यांचा बर्ड त्याच्या पुढे होता.

बर्ड पंच झाले, ६६ कसोटी सामन्यांत उभे राहिले, आणि १९९६ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर भारताविरुद्धच्या ज्या सामन्यात सौरव गांगुली आणि राहुल द्रविड प्रथम खेळले, तोच त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. दोन्ही संघांनी दुतर्फा उभे राहून मानवंदना दिली, तेव्हा त्यांना रडू आवरेना; मग पहिल्याच षटकात त्यांनी इंग्लंडच्या कर्णधाराला पायचीत दिले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लग्न त्यांनी केले नाही आणि बार्न्सलीचा परिसर सोडला नाही. ज्या चर्च लेनवर त्यांचा जन्म झाला तिथे, जुनी घरे पाडून मोकळ्या झालेल्या जागेपाशी, २००९ मध्ये त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभा राहिला, बोट वर केलेला. शनिवारी रात्री पबमधून परतणारी मंडळी त्या बोटाला हाती येईल ते अडकवू लागली, अंतर्वस्त्रांसकट. शेवटी पुतळ्याखालचा चौथरा वाढवून त्याला पोरांच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर न्यावे लागले.